डोळा जपानचा, बाकी इथलं

माझा बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी आई टँकरच्या रांगेत उभी होती. मी गुणपत्रिका घेऊन थेट तिथंच गेले. तिनं कागद हातात घेतला नाही. तिचे हात ओले होते, एक घागर कमरेवर होती आणि दुसरी पायाशी. "वाच," म्हणाली. मी रांगेत तिच्या शेजारी उभी राहून भौतिकशास्त्राचे गुण वाचून दाखवले. मागची बाई म्हणाली, "पुढं सरक की माय, पोरीच्या मार्कानं पानी वाढनार हाय का?" आई पुढं सरकली.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही कुणी न विचारता सांगते आणि सांगताना मला संकोच वाटत नाही. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्यात रोजगार हमीवर खडी फोडायचे. माझी शाळा सुटू नये म्हणून दोन धाकट्या भावांची सुटली. त्यात सलग दुसरं साल कोरडं गेलेलं. कारखान्यालाच ऊस नव्हता, मग तोड कुठली? पदवी घेऊन मी जिथं जिथं गेले, तिथं खुर्चीतल्या माणसानं आधी कागद बाजूला ठेवला आणि मग विचारलं, "वळख कुणाची?"

अशा दिवसांत भास्कर आमच्या दारात आला. चकलांब्याच्या अलीकडं आमची वस्ती. तिथल्या अकरा बौद्ध घरांनी मिळून 'उजेड' नावाची औद्योगिक सहकारी संस्था काढली होती, भास्कर तिचा अध्यक्ष. सरकारकडून तालुक्याच्या गावी एक पत्र्याचं शेड मिळालं होतं. अट एकच होती. मार्च संपायच्या आत तयार मालाचा चालता नमुना समितीला दाखवायचा. नाही दाखवला, तर शेड परत.

"शिकलेला सचिव पाहिजे," भास्कर म्हणाला. "पत्रं लिहायला, सायबांशी बोलायला."

"माल कसला?"

"ते नाना सांगतील. आमाला बी अजून नीट कळलेलं न्हाई."

नाना म्हणजे लिंबाजीनाना, भास्करचे चुलतभाऊ. पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे, खिशाला कायम टेस्टर. बोलायला लागण्याआधी आसपास रेडिओ चालू असेल तर ते उठून बंद करायचे, मग तो रेडिओ कुणाच्याही घरातला असो. दोन आवाज एकावर एक आलेले त्यांना सहन होत नसत. चावडीवर चौघं एकदम बोलायला लागले की नाना चपला घालून निघायचे. बंद पडलेला टेप कुणी थापट्या मारून चालू करायला गेला की त्याचा हात धरायचे. "तुला थोबाडीत दिल्यावर तू गानं म्हनतूस का बे?" असं त्यांनी एकदा सरपंचाच्या मुलाला विचारलं होतं. सरपंचाचा मुलगा ते विसरला नाही, अशी माणसं नानांनी पुष्कळ जमवून ठेवली होती.

पलीकडच्या तालुक्यातल्या सहकारी साखर कारखान्यात ते वायरमन होते. एकोणीस हंगाम झाले तरी हंगामीच. त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नाना लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर मोटरवर टेकवायचे, त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. एका हंगामात त्यांनी असंच ऐकून मुख्य इंजिनियरला सांगितलं, "सायेब, ह्या पंपाचं बेअरिंग चार दिसाचं सोबती हाय." सोबत डायरेक्टर मंडळी होती. इंजिनियर म्हणाला, "हंगामी माणसानं हंगामाएवढंच बोलावं." नाना म्हणाले, "बेअरिंगला ते ठाव न्हाई, सायेब." तिसऱ्या दिवशी बेअरिंग गेलं, कारखाना आठ तास उभा राहिला. चौकशीत निष्कर्ष निघाला की वायरमनला आधी माहीत होतं, तरी त्यानं लेखी कळवलं नाही. दुसऱ्या वर्षी सात जण कायम झाले. नाना त्यात नव्हते.

"बोलला नसतात तर?" मी एकदा विचारलं.

"तर बेअरिंग बी गेलं असतं आन् मी बी."

माल काय, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. नानांना डिस्क प्लेअर बनवायचा होता. बाजारात मिळतो तसला पत्र्याचा हलका डबा नव्हे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असतो तसला, वजनदार, एकाच कामासाठी बांधलेला. हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या पायरीवर.

साहेबांच्या मुलानं परदेशातून तसला एक प्लेअर आणला होता. तो बंद पडला. पुण्याचा माणूस इतक्या लांब यायला तयार होईना, म्हणून कारखान्यातून नानांना धाडलं. ओटीवर साहेबांच्या आई बसल्या होत्या. त्यांनी नानांना पायरीशीच थांबवलं आणि गड्यांना हाक मारली, "ते वाजायचं भाईर आना रे." दोन गडी आत गेले आणि कुंथत मशीन घेऊन आले. अठ्ठावीस किलोचं होतं. नाना हे सांगताना हसायचे, पण ते हसू डोळ्यांपर्यंत जायचं नाही. "अठ्ठावीस किलो उचलाया दोन मानसं लावली. मी सोताच्या पायानं आत गेलो असतो, त्याला कुनीच लागलं नसतं."

पायरीवर बसून त्यांनी झाकण काढलं आणि, त्यांच्याच शब्दांत, त्यांना वाचा राहिली नाही. बिघाड क्षुल्लक होता. तबकडी आत घेणाऱ्या खणाचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक मोडलं होतं. ते त्यांनी अर्ध्या तासात जोडून बसवलं. उरलेला दिवसभर ते नुसते बघत बसले. गड्यांना वाटलं, काम अवघड आहे.

"लई शहान्या मानसानं बांधलेलं घर हाय ते, सुनंदे," मला म्हणाले. "भांडनाऱ्या जावांच्या चुली येगळ्या केल्यात. मोटरचा ट्रान्सफॉर्मर येगळा, आवाजाचा येगळा. मधी तांब्याची भिंत. हिचा धूर तिच्या डोळ्यात जाऊ न्हाई म्हनून."

"आणि वजन कशाला एवढं?"

"तबकडी फिरती, तवा थरथरती. तिला वाचनारा डोळा केसाहून बारीक रेघ वाचतो. घर हाललं की वाचन चुकतं. म्हनून बूड जड पाहिजे. त्या गड्यांनी शिव्या देत वजन उचललं, पर त्ये वजनच तर गुन हाय."

मी फिजिक्स घेऊन पदवी मिळवली होती. परावर्तन, व्यतिकरण, लेसर, सगळं वहीत उतरवलेलं होतं. लेसर पहिल्यांदा पाहिला तो सातवी नापास माणसाच्या पडवीत. याची लाज मला तेव्हा वाटली, आता वाटत नाही. आता राग येतो.

नमुना बनवायला आठ महिने लागले. लेसरचा डोळा आणि त्याची सर्किटची पाटी नाना पुण्याच्या जुन्या बाजारातून घेऊन आले, कारण ते इथं होणार नव्हतं. बाकी सगळं वस्तीत झालं. बुडाला शहाबादी फरशी, गवंड्याकडून कापून घेतलेली. डोळ्याचा सांगाडा त्या फरशीवर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांवर अधांतरी बसवलेला. तांब्याची भिंत भंगारातल्या पॅनलची. परदेशी मशीनचा खण त्यांनी घेतलाच नाही. "खन म्हंजे दात असलेलं तोंड. दात मोडलं की तोंड उघडत न्हाई." त्याऐवजी वरून सरकणारं झाकण केलं, आत तबकडी ठेवायची, वर पितळेचं वजन ठेवायचं, झाकण ओढून घ्यायचं. झाकणाच्या कडेला घोंगडीची पट्टी शिवली, धूळ जाऊ नये म्हणून. त्या साली आमच्याकडं पाऊस नव्हता, पण धूळ होती.

आणि एक गोष्ट अशी केली की जी साहेबांच्या मशीनमध्येही नव्हती. आमची लाइट कधी दिव्याची वात व्हायची, कधी बल्ब फुटेस्तोवर चढायची. नानांचं मशीन बटण दाबल्यावर लगेच चालू होत नसे. आधी अर्धा मिनिट लाइट तपासायचं. पटली तरच तिला दार उघडायचं. "परदेशातलं मशीन इस्वास ठेवून जगतं. आपल्याला परवडत न्हाई."

ट्रान्सफॉर्मरचे वेढे वस्तीतल्या बायकांनी घातले. तोड नव्हती, हात रिकामे होते. नानांच्या बायको, गयाकाकू, त्यांच्या मुकादम. वीस वेढे झाले की ज्वारीचा एक दाणा सुपात टाकायचा, असा हिशेब. "नवऱ्यानं जलमभर मला पीळ घातला," काकू म्हणायच्या, "आता तारेला घाला म्हनतो." एकदा सुपाकडं लक्ष नसताना कोंबडी आली आणि दाणे टिपून गेली. दोन गेले की तीन, कुणालाच सांगता येईना. बायका म्हणाल्या, वीस इकडं वीस तिकडं, कुणाला कळतंय? नानांनी तो सगळा ट्रान्सफॉर्मर उकलायला लावला, पहिल्या वेढ्यापासून. चार दिवस एकही बाई त्यांच्याशी बोलली नाही. काकूंनी तर त्यांच्या पानात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "मोजून खा."

माझं काम माहितीपत्रकाचं. समितीला द्यायचं होतं, मशीनची सगळी वैशिष्ट्यं सांगणारं. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, 'उत्कृष्ट दर्जाचा व मधुर ध्वनी देणारे अत्याधुनिक यंत्र'. नानांनी ऐकलं आणि विचारलं, "मधुर हाय हे तुला कुनी सांगितलं?"

"असं लिहितात, नाना."

"ऐकनारा ठरवंल मधुर का काय ते. तू काय हाय तेवढं लिही. फरशी किती जाड, ते लिही. चुली येगळ्या, ते लिही."

"आणि डोळा? तो आपण विकत आणलाय. ते नको लिहायला."

"कावून नको? डोळा जपानचा, बाकी इथलं. अस्संच लिही."

मी तसंच लिहिलं. डोळ्याबद्दल एक आख्खा परिच्छेद लिहिला. ते भिंग मुगाच्या दाण्याएवढं असतं, चार तारांवर टांगलेलं, त्या तारा केसासारख्या असतात, त्याला बोट लावू नये. हे वाक्य माझ्या हातचं आहे. मी ते स्वतः तीनदा तपासलं होतं.

समिती येणार त्या दिवशी सकाळी आम्ही शेडमध्ये जमलो. समितीचे प्रमुख चेअरमनसाहेबच होते. सोबत जिल्ह्याच्या कार्यालयातला अधिकारी येणार होता. भास्करनं मला बाजूला घेतलं. "नानांना आवर. ते कायतरी बोलतील आन् समदं घालवतील. तुझं ऐकतात."

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त वाटत होतं. मला वाटत होतं की आज बोलायची पाळी माझी आहे. शिकलेय मी. शुद्ध बोलते. अधिकाऱ्याला लेसर समजावून सांगेन तर मीच. मी नानांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, आज तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. काहीही झालं तरी. वचन द्या."

ते म्हणाले, "बरं. मशीन बोलंल."

दोन जीपगाड्या आल्या. साहेब उतरले, त्यांच्यामागून कारखान्याचे एक वयस्क डायरेक्टर, सगळे त्यांना आबा म्हणत. आबांच्या हातात ताट होतं, हळद, कुंकू, नारळ. कारखान्याचा हंगाम सुरू होताना गव्हाणीत पहिली मोळी टाकतात, तेव्हा रोलरला कुंकू लावायचा मान आबांचा. नवी जीप आली, नवा पंप आला, आबा ताट घेऊन हजर. माणूस वाईट नव्हता. मशीन म्हटलं की पूजा, एवढंच त्यांना माहीत होतं. आमच्याकडं ते चालत नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या दिवशी आम्हीही सांगितलं नाही. भास्करनं तर नारळ फोडायला दगड आणून दिला.

नारळ दाराशी फुटला. आबा टेबलाशी आले. मी अधिकाऱ्याला वेगळ्या चुलींचं सांगत होते, अर्थात शुद्ध भाषेत. तो मान हलवत होता. आबांनी मशीनभोवती बघितलं. रोलरला कपाळ असतं, जीपला बॉनेट असतं. ह्या काळ्या पेटीला कुंकू लावायचं कुठं? त्यांनी झाकण सरकवलं. आत बघितलं आणि खूश झाले.

"आरं, डोळा हाय की ह्येला."

त्यांनी अंगठा कुंकवात बुडवला.

मी ते बघत होते. नाना माझ्यापासून दोन पावलांवर होते, तेही बघत होते. त्यांचा हात कमरेपर्यंत वर आला आणि तिथंच थांबला. त्यांनी आबांकडं नाही, माझ्याकडं बघितलं. वचन मी घेतलं होतं, मोडायचं तर ते मीच मोडायला हवं होतं. 'आबा, थांबा', दोनच शब्द. बोट लावू नये हे मला ठाऊक होतं, माझ्या अक्षरात माझ्या हातातल्या कागदावर होतं. पण अधिकारी माझ्याकडं बघत होता, साहेब हसत होते, आणि मला वाटलं, आत्ता आबांना अडवलं तर त्यांचा अपमान होईल आणि सगळंच बिनसेल. मी बोलले नाही.

आबांनी अंगठा टेकवला. वडीलधारा माणूस लेकराच्या कपाळाला लावतो तसा, जरा दाबून.

मग तबकडी ठेवली, पितळेचं वजन ठेवलं, झाकण लावलं. मशीननं अर्धा मिनिट लाइट तपासली. लाइट पटली. तबकडी फिरली, आत टक् टक् झालं. मशीन डोळा वरखाली करून रेघ शोधत होतं. तीनदा शोधलं आणि थांबलं. भास्करनं पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीनदा.

"काय झालं?" अधिकाऱ्यानं मला विचारलं. आबांच्या अंगठ्यावर अजून कुंकू होतं.

तेव्हा नाना बोलले. आवाज न चढवता. "कुंकू पुसता येतं, सायेब. तारा वाकल्यात. दुसरा डोळा पुन्याहून आनावा लागंल. आठ दिस द्या."

"म्हणजे आज चालत नाही?"

"आज न्हाई."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. साहेबांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला नाही, पण ठेवल्यासारखं बोलले. "लिंबाजी, हे नाजूक काम आपल्या भागातलं न्हाई. वाजवायचंच हाय तर बँड काढा की. त्याला बी अनुदान हाय." सोबतची माणसं हसली. आबासुद्धा हसले, कळून नव्हे, बाकीचे हसले म्हणून. बँड कोण वाजवतो हे आमच्या भागात समजावून सांगावं लागत नाही.

पंधरा दिवसांत पत्र आलं. 'नमुना चालू स्थितीत आढळून आला नाही.' खाली साहेबांची सही. शेडमध्ये चारा छावणीचा कडबा भरला गेला. छावणी साहेबांच्या पुतण्याची होती. नाना त्याआधीच, आठव्या दिवशी, पुण्याहून दुसरा डोळा घेऊन आले होते. बसवला. पुन्हा तपासणीची तारीख मागणारा अर्ज मी तीनदा लिहिला. एकदाही उत्तर आलं नाही.

दुसरा डोळा बसवला त्या दुपारी नानांनी सगळ्या वस्तीला पडवीत बसवलं. तबल्याची तबकडी होती. आधी त्यांनी शेजारच्या घरातला रेडिओ बंद करून घेतला, मग बटण दाबलं. मी कॉलेजच्या गॅदरिंगला मोठमोठे स्पीकर ऐकले होते, पण असं कधी ऐकलं नव्हतं. थाप पडायची, आणि ती थाप संपायची. संपलेली ऐकू यायची. "गानं समदेच वाजवतात," नाना म्हणाले, "दोन थापांच्या मधी काय हाय ते ऐका." मधे काहीच नव्हतं. घरघर नव्हती, खरखर नव्हती. ज्या बाईनं वेढे उकलताना नानांना सर्वांत जास्त बोल लावले होते, ती हळूच म्हणाली, "हे त्या दान्यांमुळं का?" नाना म्हणाले, "तुमच्या हातामुळं."

आई माझ्या शेजारी बसली होती. ती मला म्हणाली, "मंग त्या दिशी कावून न्हाई चाललं?" मी तिला सांगितलं नाही. नानांनीही कधी कुणाला सांगितलं नाही. मला त्यांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं अनेक वर्षं वाटत राहिलं.

पुढच्या वर्षी साहेबांचं परदेशी मशीन पुन्हा बंद पडलं, या वेळी डोळाच गेला. साहेबांच्या घरी लग्न होतं. कारखान्याची जीप नानांच्या दारात आली. ड्रायव्हर म्हणाला, "सायबांनी तुमचं मशीन मागितलंय. म्हनले, काय लागंल ते सांगा."

नाना आत गेले आणि घडी घातलेला कागद घेऊन आले. ड्रायव्हरला वाचता येत होतं. "नमुना चालत न्हाई, असं सायबांच्याच सहीचं पत्र हाय. न चालनारं मशीन सायबांच्या कार्यात द्यायचं म्हंजे माझ्यावर ठपका यायचा. एकदा आलेला हाय." जीप रिकामी गेली. भास्कर डोक्याला हात लावून बसला. "नाना, दिलं असतं तर शेड तरी मागता आलं असतं."

"त्यांनी मशीन मागितलं, भास्कर. संस्थेकडून न्हाई मागितलं."

त्या हंगामाच्या यादीत नानांचं नाव नव्हतं. एकोणीस हंगामांनंतर कुणी त्यांना नाही असंही म्हटलं नाही. यादी लागली, ते वाचायला गेले, आणि परत आले.

मला एम.एस्सी., बी.एड. केल्यावर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची नोकरी लागली, जागा राखीव होती आणि गुण माझे होते. मी बीडला राहायला गेले. वर्गात लेसर शिकवताना मी फळ्यावर मुगाच्या दाण्याएवढं भिंग आणि त्याच्या चार तारा काढते. पोरं विचारतात, हे पुस्तकात कुठंय? मी सांगते, पुस्तकात नाही.

नानांना मी शेवटचं पाहिलं नारायणगडाच्या यात्रेत. कॉलेजच्या मुलींची पाणपोई होती, म्हणून गेले होते. मंडपाच्या मागं दहा-बारा मोठाले स्पीकर एकावर एक रचलेले, त्यांच्यामागं ॲम्प्लिफायरचं टेबल, आणि टेबलाशी स्टुलावर नाना. मंडप कंत्राटदाराकडं रोजावर होते. दोन्ही कानांत कापसाचे बोळे, त्यावरून डोक्याला उपरणं घट्ट बांधलेलं. जमीन थरथरत होती, टेबलावरचा चहाचा कप आपोआप कडेकडं सरकत होता आणि ते अधूनमधून त्याला मागं ढकलत होते.

मी जवळ जाऊन हाक मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा वळले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. मी म्हणाले, "नाना, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." इतक्या वर्षांनी, त्या गोंगाटात, मी ते शेवटी म्हटलं. त्यांनी कानाकडं बोट दाखवून मान हलवली, ऐकू येत नाही. मी पुन्हा म्हणाले, जवळजवळ ओरडून. ते माझ्या ओठांकडं बघत राहिले. मग हातानं विचारलं, जेवलीस का? मी मान डोलावली. कुणीतरी मंडपातून खूण केली, आवाज वाढवा. नानांनी मला थांब असा हात केला आणि ॲम्प्लिफायरचं बटण फिरवलं.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. संस्थेची नोंदणी रद्द झाली. अकरा घरांच्या 'उजेड' संस्थेनं एकूण एकच मशीन तयार केलं. ते गयाकाकूंच्या घरी आहे आणि चालतं.